ओदीलचा नवरा

आन्स-ओ-झ्वा गावात कुणाला लग्न करायचं असेल तर गाएताँ बेरुबेला गाठावं लागतं. पाद्री आता कधीतरी चुकूनमाकून उगवतो, आणि त्याच्या चर्चचं तर वाचनालय झालंय. पापं कबूल करायची लाकडी पेटी जिथे होती, तिथे हल्ली पाककृतींची पुस्तकं असतात. बायका त्या कोपऱ्यात पूर्वीइतकाच वेळ काढतात, फक्त बाहेर पडताना चेहरे जास्त समाधानी दिसतात. गाएताँ हिवाळ्यात ट्रॅक्टर घेऊन लोकांच्या अंगणातला बर्फ काढतो, उन्हाळ्यात त्याच अंगणातलं गवत कापतो आणि बारा महिने गावच्या कौन्सिलचा सभासद असतो. या शेवटच्या उद्योगापायी सरकारने त्याला लग्नं लावायचा अधिकार दिला आहे.

त्यासाठी त्याच्याकडे एक निळा सूट आहे. सूट त्याच्यापेक्षा जरा बारीक आहे. तो अंगात चढवून नवरा-नवरीसमोर उभं राहायचं, कायद्याची पाच कलमं मोठ्याने वाचायची, दोघांकडून हो म्हणवून घ्यायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, की झालं. जन्म इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवण्यात गेलेला, त्यामुळे गाएताँ कलमं अशी वाचतो की बाहेर गाडी लावत असलेल्या माणसालाही आपल्या संसारी जबाबदाऱ्या कळाव्यात. नवरा-बायकोचे हक्क सारखे आणि कर्तव्यंही सारखी. दोघांनी एकमेकांचा मान राखायचा, एकनिष्ठ राहायचं, मदत आणि आधार द्यायचा. दोघांवर एकत्र राहण्याचं बंधन आहे. असं बरंच काही.

एकदा एका नवरीने मध्येच विचारलं होतं, "या सगळ्यात प्रेम कुठेच कसं आलं नाही?"

गाएताँने कागद उलटसुलट करून पाहिला. खरंच नव्हतं. मग तो म्हणाला, "ते घरून आणायचं असतं, पोरी."

लोक इतके हसले की तेव्हापासून हे वाक्य कलमांच्या शेवटी येऊ लागलं. कुणी विचारो न विचारो, गाएताँ ते म्हणतो आणि लोक दर वेळी नव्याने हसतात.

गंमत अशी की, इतकी लग्नं लावणारा हा माणूस ज्या बाईबरोबर राहत होता तिच्याशी त्याचं लग्न झालेलं नव्हतं, आणि जिच्याशी झालं होतं ती नदीच्या पलीकडच्या काठावर राहत होती. इथली नदी म्हणजे समुद्रच. पलीकडचा काठ हवा स्वच्छ असेल तेव्हाच दिसतो, आणि गाएताँने तो फार कधी निरखला नाही. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं. गाएताँच्या पिढीने तरुणपणी पाद्र्याला रामराम ठोकला आणि त्याच झटक्यात लग्नालाही ठोकला. अर्धं गाव बिनलग्नाचं सुखाने नांदतंय, पोराबाळांसकट.

पण गाएताँ जरा लवकर अडकला होता. बाविसाव्या वर्षी ओदीलशी त्याचं लग्न झालं, याच चर्चमध्ये. काही वर्षांनी एका सकाळी ओदील म्हणाली की या गावात तिला श्वास घेता येत नाही. भांडण नाही, तंटा नाही. गाएताँनेच तिची बॅग धक्क्यापर्यंत नेऊन दिली, आणि बोट सुटेपर्यंत दोघं हवेबद्दल बोलत राहिले. घटस्फोट वसंतात घेऊ असं ठरलं, मग पानगळीत घेऊ असं ठरलं, मग ओळखीचा वकील निवृत्त झाला आणि मग दोघंही विसरले.

युगेत आली ती त्यानंतर. तिचं घरातल्याच पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान आहे. एकटी, ताठ मानेची, जिभेला धार असलेली बाई. ती गाएताँचे केस कापता कापता त्याच्या घरात राहायला आली म्हणतात. पहिल्याच हिवाळ्यात गाएताँ बर्फ काढून घरी आला, दार उघडलं, तशी स्वयंपाकघरातून युगेतने विचारलं, "कोण आलंय?"

गाएताँ पायपुसण्यावर उभा राहून म्हणाला, "ओदीलचा नवरा."

"या," युगेत म्हणाली. "त्यांच्यासाठीच वाढून ठेवलंय."

त्या दिवसापासून तेहतीस वर्षं हा प्रश्न आणि हे उत्तर त्या घरात रोज झालं. तापात झालं, भांडणात झालं, युगेतची आई गेली त्या संध्याकाळी सुद्धा झालं, जरा हळू आवाजात. दुसऱ्या बाईचा नवरा रोज आपण होऊन आपल्या दारात येतो, यात युगेतला काय मजा वाटायची ते तिलाच ठाऊक. पण वाटायची खरी.

तर या सगळ्यावर पाणी पडलं ते ओदीलच्या फोनने.

"गाएताँ, जिवंत आहेस ना?"

"आत्तापर्यंत तरी."

"मग मरायच्या आत मला घटस्फोट दे."

ओदीलला लग्न करायचं होतं. नवरा होता रोलाँ, फेरीबोटीवरचा निवृत्त खानसामा. माणूस जुन्या वळणाचा, त्याला सगळं रीतसर हवं होतं. लग्नही तिला माहेरच्या गावात हवं होतं, आणि लावणारा गाएताँच हवा होता, कारण त्याचं एकदा लागलेलं लग्न चाळीस वर्षं मोडत नाही हे तिने स्वतः पाहिलं होतं. शिवाय ती म्हणाली, "तू उद्या त्या ट्रॅक्टरखाली गेलास तर कायद्याने तुझ्या घराचा मोठा वाटा माझा. घर आणि आत युगेत. मी त्या दोघांचं काय करू, सांग."

गाएताँने जेवताना ही बातमी सांगितली तेव्हा युगेत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग ॲप्रनने डोळे पुसत म्हणाली, "चला, कुणीतरी मागितला एकदाचा." या 'कुणीतरी'पाशी गाएताँने जरा थांबायला हवं होतं. पण समोर वाटाण्याचं सूप होतं, आणि सूप समोर असताना गाएताँला बारकावे कळत नाहीत.

घटस्फोट पानगळीच्या सुरुवातीला पोस्टाने आला. गाएताँने तो रस्त्यावरच्या टपालपेटीपाशी उभा राहून वाचला, घडी करून खिशात घातला आणि घरात शिरला.

"कोण आलंय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

गाएताँने तोंड उघडलं, आणि तोंडात काहीच नव्हतं. ओदीलचा नवरा तो राहिला नव्हता. दुसरं काही तो कधी नव्हताच. आत पळी भांड्यात फिरत होती, ती थांबली. तो पायपुसण्यावर उभा, हातात टोपी, एखाद्या सरकारी कचेरीत नाव विसरलेल्या माणसासारखा.

युगेत म्हणाली, "दार लाव. थंडी येतेय."

दुसऱ्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं.

एवढीशी गोष्ट. पण गाएताँच्या घरात येण्याला जणू दारच उरलं नाही. तो यायचा, बूट काढायचा, बसायचा. युगेत वाढायची. बोलायचीही, हवेबद्दल, आणि ओदील जाताना आपण धक्क्यावर हवेबद्दलच बोललो होतो हे आठवून गाएताँ हातातला घास परत ताटात ठेवायचा.

गावाने त्यात आपला हात घातला. कोपऱ्यावर क्लोदेतचं दुकान आहे, तिथे पाव, बिअर आणि बातमी एकाच ठिकाणी मिळते. गाएताँ दुधासाठी गेला तर क्लोदेतने गल्ल्यावर कोपरं टेकून विचारलं, "मग कधी?"

गाएताँ म्हणाला की ती स्वतः तिच्या झाँ-गीबरोबर उभा जन्म बिनलग्नाची राहिली आहे, तिने हे विचारू नये.

"आमचं वेगळं," क्लोदेत म्हणाली. "आम्हाला करता येतं आणि आम्ही करत नाही, हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे. तुम्हाला करताच येत नव्हतं. आता येतं. म्हणजे आता तुम्ही रोज सकाळी उठून लग्न न करण्याचं काम करताय. दिसतं ना ते माणसाला."

गाएताँ दूध विसरून घरी आला.

मग त्याला वाटलं, कायद्याचा गुंता आहे तर कायद्याच्याच माणसाला विचारावं. तो तालुक्याच्या गावी नोटरीबाईंकडे गेला. बाई वयाने त्याच्या मुलीसारख्या, पण त्याला श्रीयुत बेरुबे म्हणत होत्या, त्यामुळे तोही सावरून बसला. त्यांनी मृत्युपत्र केलं: घर युगेतला. आजारपणाचा कागद केला: इस्पितळात शब्द युगेतचा. सह्या झाल्यावर गाएताँने टोपी फिरवत विचारलं, "आणि लग्न?"

"त्याची आता गरज नाही," बाई समाधानाने म्हणाल्या. "लग्नाने जे काही होणार होतं ते सगळं आपण केलंय."

"सगळं?"

"तुम्हाला आणखी काय हवंय?"

गाएताँ गाडीत येऊन बसला, पण गाडी चालू केली नाही. ट्रॅक्टरचं इंजिन खोलून पुन्हा जोडावं, ते झकास चालावं, आणि तरी हातात एक नट उरावा, तसं त्याचं झालं होतं. घर तिचं झालं, आजारपण तिचं झालं, प्रेमाचा तर प्रश्नच नव्हता. मग हा नट कुठला? त्याने चर्चमधल्या एका पवित्र भांड्याचं नाव घेऊन, इथले लोक देतात तशी एक सणसणीत शिवी दिली. तीही कुणाला द्यायची ते कळलं नाही.

विषय निघाला तो गाडीचा तंबू उभारताना. हिवाळा तोंडावर आला की इथे प्रत्येक जण दारात लोखंडी नळ्यांचा सांगाडा रचून त्यावर पांढरी ताडपत्री चढवतो, म्हणजे गाडी बर्फात गाडली जात नाही. हे काम एकट्याने होत नाही. एकाने एक बाजू धरायची, दुसऱ्याने दुसरी. तेव्हा युगेत समोरून कुठे जाऊ शकणार नाही, असा हिशोब करून गाएताँने मधली कमान डोक्यावर धरली आणि विचारलं, "म्हातारे, लग्न करायचं का?"

युगेतने ताडपत्रीच्या पलीकडून विचारलं, "कशासाठी?"

त्याने घराचं सांगितलं. ती म्हणाली ते झालं. त्याने इस्पितळाचं सांगितलं. तेही झालं, ती म्हणाली. मग त्याने नटाचं सांगितलं.

"नट उरला असेल तर डब्यात टाक," युगेत म्हणाली. आणि मग म्हणाली, "माझ्या भावाचं अपेंडिक्स तुला ठाऊक आहे."

गाएताँला ठाऊक होतं. युगेत तेव्हा चार वर्षांची. बाप वर जंगलात लाकूडतोडीच्या तळावर, आणि पोराच्या पोटात कळा. आई त्याला उचलून इस्पितळात घेऊन गेली, तर तिथे म्हणाले नवऱ्याची सही आणा. आईची चालत नव्हती, तसा तेव्हा कायदाच होता. बापाला निरोप जाऊन तो येईपर्यंत आई पोराला मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिली. पोरगा वाचला. पण आई पुढे जन्मभर कुठेही सही करायची झाली की पेन हातात घेऊन क्षणभर दाराकडे बघायची.

"तो कायदा गेला, युगेत. मी दर लग्नात वाचतो, हक्क सारखे म्हणून."

"कायदा गेला. आईचं दाराकडे बघणं गेलं नाही." तिने आपल्या बाजूची दोरी आवळली. "तू रोज घरी येतोस, गाएताँ. कुणी सांगितलेलं नसताना येतोस. सही झाली की ते तुझं कर्तव्य होईल. मग तू आलास काय, बर्फाची गाडी आली काय, सारखंच."

हे गाएताँला पटलं. तो तसं म्हणणार, एवढ्यात युगेतने दोरी सोडून दिली.

"ओदीलने एक फोन केला तर सहा महिन्यांत मोकळा झालास. माझ्यासाठी तेहतीस वर्षांत तुला एक वकील सापडला नाही."

"तू कधी म्हणाली नाहीस."

"मला नकोच होतं."

"मग?"

"मला नको होतं. तुला हवं असायला हवं होतं."

गाएताँ कमान डोक्यावर धरून उभा राहिला. त्याने वाक्य मनात एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून वाचलं. शेवटी त्याने शहाणपणाने विचारू नये ते विचारलं. "म्हणजे करायचं की नाही?"

"नाही. आणि पुन्हा विचारलंस तर मी रिमुस्कीला बहिणीकडे जाऊन राहीन."

ती आत गेली. तंबू त्या वर्षी डावीकडे कललेलाच उभा राहिला.

ओदील आणि रोलाँ लग्नाच्या आदल्या दिवशी आले. रोलाँ हा गोल, लाजाळू माणूस. त्याने गाएताँचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले, कशाबद्दल ते दोघांनाही सांगता आलं नसतं. सकाळी ओदील केस करून घ्यायला युगेतच्या दुकानात गेली. मधलं दार आतून लावून घेतलेलं होतं. गाएताँ सूट घालून स्वयंपाकघरात बसून राहिला. आतून आधी हसण्याचा आवाज आला, बराच वेळ. मग हसण्याचा आवाज येईना. तेव्हा गाएताँला जास्त भीती वाटली. ओदील बाहेर आली ती केस चकचकीत आणि डोळे लाल करून. त्याच्याजवळून जाताना म्हणाली, "तू ठार आंधळा आहेस रे, पण माणूस वाईट नाहीस." युगेत मागे उभी राहून कंगवा धूत होती.

वाचनालयात पन्नासेक लोक जमले. टेबलावर युगेतने केलेले साखरेचे 'पाय', म्हणजे साखर-सायीचं सारण भरून भांड्यात भाजलेल्या जाड गोल पोळ्या, मांडले होते, कारण लग्न कुणाचंही असो, गावात हा पदार्थ युगेतच करते. सगळं तयार होतं आणि साक्षीदार एकच होता. दुसरी रोलाँची बहीण. ती सकाळच्या बोटीने यायची होती, आणि वाऱ्यामुळे सकाळची बोट सुटलीच नाही.

ओदीलने सभोवार पाहिलं. "युगेत करेल सही," ती म्हणाली.

युगेत त्या 'पाय'चे तुकडे करत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि टेबलापाशी येऊन बसली. गाएताँने कलमं वाचायला घेतली.

मानापर्यंत ठीक गेलं, मदत आणि आधारही गेला. मग तो वाचू लागला, "दोघांवर एकत्र राहण्याचं बंधन..." आणि थांबला.

समोर ओदील उभी होती, जिच्याबरोबर राहण्याचं बंधन त्याच्यावर चाळीसेक वर्षं होतं आणि बहुतेक वर्षं त्याने ते एक दिवसही पाळलं नव्हतं. टेबलापाशी युगेत बसली होती, जिच्याबरोबर राहण्याचं बंधन त्याच्यावर कुणीच घातलं नव्हतं आणि ते त्याने रोज पाळलं होतं. यातलं चुकीचं कुठलं? की दोन्ही बरोबर होती? युगेतच्या हातात पेन होतं. ती दाराकडे बघत होती.

गाएताँला पुढची ओळ दिसेना. रोलाँ खाकरला. मागच्या रांगेत क्लोदेत शेजारणीला म्हणाली, "अजून जीव आहे बिचाऱ्याचा ओदीलवर," आणि तिची कुजबूज पार पुढपर्यंत पोचली.

"गाएताँ, वाच," ओदील म्हणाली. "मला परत तुझ्याशी लग्न करायचं नाहीये."

लोक हसले. गाएताँने उरलेलं एका दमात वाचून टाकलं. पण प्रेम घरून आणायचं असतं, हे म्हणायला तो त्या दिवशी विसरला; लोक त्या वाक्याची वाट बघत राहिले. सह्या झाल्या. युगेतने सावकाश, अक्षर न् अक्षर काढून सही केली, पेनाला टोपण लावलं, कोट घेतला आणि 'पाय'ची भांडी तशीच टाकून निघून गेली.

गाएताँला सगळ्यांनी घेरलं. कुणी पाठीवर थोपटलं, कुणी ग्लास दिला. त्याला सांगायचं होतं की तसं काही नाही, ओदीलबद्दल मला काही वाटलं नाही. पण मग काय वाटलं ते सांगावं लागलं असतं. शेवटी क्लोदेतने त्याला बाजूला घेतलं. "युगेत जाताना झाँ-गीला विचारत होती, रिमुस्कीचा रस्ता मोकळा आहे का म्हणून. तुमचं काही ठरलंय का?"

रिमुस्कीचा रस्ता मोकळा होता. तीस-पस्तीस वर्षं बर्फ काढणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच वाटलं की थोडा बर्फ पडला असता तर बरं झालं असतं.

तो 'पाय'ची भांडी उचलून घरी आला. दारात तंबू उभा होता, डावीकडे कललेला, आणि त्याची चेन खालपर्यंत लावलेली. आत गाडी आहे की नाही, बाहेरून कळायला मार्ग नाही. गाएताँने चेनला हात घातला आणि काढून घेतला. गाडी नसती तर घरात जायला पाय उचलला नसता. गाडी असती तर ती आहे म्हणून आपण आत गेलो असं झालं असतं. हे त्याला बरोबर सुचलं की चूक, तेही त्याला ठरवता आलं नाही. तो भांडी काखेत मारून पायऱ्या चढला.

दार उघडलं. आत उजेड नव्हता, निदान पुढच्या खोलीत नव्हता. तो पायपुसण्यावर उभा राहिला. घरात काही हलत नव्हतं. काखेतलं एक भांडं सटकलं, जमिनीवर गोल फिरत गेलं आणि कपाटाला टेकून थांबलं.

"कोण आलंय?" आतून आवाज आला.

गाएताँने खूप विचार केला. ओदीलचा नवरा आता रोलाँ होता. युगेतचा नवरा कुणी नव्हतं. गावाच्या मते तो भलत्याच बाईसाठी झुरणारा माणूस होता, आणि नोटरीबाईंच्या मते त्याला आणखी काही नको होतं.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण आलोय."

मग पळी भांड्यात फिरू लागली.

"मग बूट काढून ये," युगेत म्हणाली. "आणि ते भांडं उचल, पोचा आला असेल."